पेन्सिल घेऊन वाचायची पुस्तकं

गेल्या चवथीनंतरच्या एका रविवारी माझा भाचा काजूचा रिकामा खोका छातीशी धरून, भर पावसात आमच्या पायऱ्या चढून आला. खोका प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला होता, स्वतः मात्र तो चिंब भिजला होता. हणजुणेला कुणी परदेशी बाई घर आवरून निघाली होती, तिने काढलेली पुस्तकं याने वजनावर घेतली होती. एकूण सात, आणि सगळी पोकरची. गोव्यात चार पावसाळे काढलेल्या कागदाला जो वास येतो तो त्यांना होताच. जेवणाच्या टेबलावर त्याने ती रांगेने मांडली आणि आमच्या कोकणीत मला विचारलं, "मावशे, हातूंतलें खंयचें वाचूं?"

भाचा मांडवीतल्या एका कॅसिनोच्या बोटीवर डीलर आहे. रात्रभर पत्ते पिसायचे, वाटायचे, चिप्स मोजून सरकवायच्या आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, ही त्याची नोकरी. मी उच्च माध्यमिक विद्यालयात गणित शिकवते. त्यामुळे त्याने मला विचारणं तसं साहजिक होतं. पण त्या प्रश्नाच्या मागे दुसरा एक प्रश्न होता, तो त्याने चहा अर्धा झाल्यावर काढला. बोटीवरून घरी आल्यावर हा मुलगा दोन वर्षं फोनवर पैसे लावून पोकर खेळत होता आणि पगारातले बरेच पैसे त्यात गेले होते. बहिणीला हे आधीच कळलं होतं, मला कळलं नव्हतं. आता ते ॲप बंद झालं होतं. मान खाली घालून तो म्हणाला, "माझं चुकत होतं की पानंच वाईट पडत होती, एवढंच मला कळायला हवं." सगळी पुस्तकं त्याने तेवढ्यासाठी आणली होती.

आमचं घर बेतीला, चढावर. गॅलरीतून समोर पणजीचा काठ दिसतो आणि अंधार पडला की बोटींचे जांभळे-लाल दिवे नदीत लांबच लांब सांडतात. गोव्याचा सार्वजनिक जुगाराचा कायदा १९७६चा, दमण आणि दीव आपल्यासोबत होते तेव्हाचा. १९९०च्या दशकातल्या दुरुस्त्यांनी पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांना आणि पाण्यावरच्या जहाजांना वाट करून दिली. फेब्रुवारी २०२०पासून गोव्यात राहणाऱ्यांना या बोटींवर खेळायला मनाई आहे. नोकरी करायला मनाई नाही. म्हणजे भाचा ज्या टेबलावर रोज पत्ते वाटतो, त्या टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत त्याला बसता येत नाही. पुढे ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळच बंद केले, आणि तेही कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा भेद न ठेवता. सर्वोच्च न्यायालयाने १९६८मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला होता, त्या निकालाच्या आधारावर इतकी वर्षं जे चालत आलं होतं ते नव्या कायद्याने थांबवलं. दोन्ही दारं बंद झाली याचा मला आनंदच आहे. त्या फोनपायी बहिणीचा चेहरा कसा झाला होता ते मी पाहिलं आहे.

"मग खेळायचंच नाही तर पुस्तकं कशाला?" बहिणीने फोनवर मला हेच विचारलं. तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. चार-पाच महिने ती पुस्तकं वाचल्यावर आता देता येईल असं वाटतं, पण त्यासाठी आधी बाबांच्या वहीबद्दल सांगायला हवं.

डिचोलीला आमच्या जुन्या घरी पाच दिवसांचा गणपती असायचा. रात्रीची आरती झाली, घुमट-शामेळ भिंतीशी टेकवून ठेवले, पोरांच्या हातात करंज्या पडल्या, की मोठी माणसं सोप्यावर चटई टाकून रमीला बसत. पैसे कधीच नसायचे, फक्त गुण. ते लिहायचं काम बाबांचं, आणि त्यासाठी त्यांनी दुकानाच्या उधारीच्या वहीची मागची पानं राखून ठेवली होती. प्रत्येकाच्या नावाचा रकाना आणि खाली आकडे. बाबांच्या स्वतःच्या रकान्यात मात्र काही आकड्यांच्या शेजारी पेन्सिलीने काढलेलं बारीक वर्तुळ असायचं. मी सातवी-आठवीत असताना एकदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, जिथे मी चुकीचं पान टाकलं तिथे गोल. ते मला लगेच पटलं. मात्र काही गोल त्यांनी जिंकलेल्या डावांच्या शेजारीही होते आणि ते मला कितीतरी वर्षं समजले नाहीत. डाव जिंकला तर चूक कसली?

खोक्यातली सातही पुस्तकं मी त्या गोलांच्या नजरेतून वाचली, हे आज मला कळतं.

पहिलं पुस्तक मी दुसऱ्याच दिवशी बाजूला ठेवलं. त्याचं नाव सांगत नाही, तशी पुस्तकं बरीच असतील. कव्हरवर चिप्सचा ढीग, आत मोठी अक्षरं, आणि दर दोन पानांनी लेखकाने अमक्या रात्री किती कमावले त्याची गोष्ट. पण मी ते बाजूला ठेवलं ते एका गणितामुळे. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. होल्डेम पोकरमध्ये प्रत्येकाला दोन पानं मिळतात. मध्ये सगळ्यांची मिळून पाच पानं उघडतात : आधी एकदम तीन, तो फ्लॉप; मग एक, तो टर्न; मग शेवटचं एक, तो रिव्हर. प्रत्येक टप्प्याला बोली लागते. समजा फ्लॉपनंतर तुमच्याकडे चार बदाम जमले आहेत, आणखी एक बदाम आला की फ्लश, म्हणजे पाचही पानं एकाच रंगाची. मध्ये १००० रुपये आहेत आणि समोरच्याने ५०० लावले. तुम्हाला ५०० घालून एकूण २०००च्या ढिगासाठी उभं राहायचं आहे, म्हणजे निदान २५ टक्के वेळा तुमचा फ्लश लागायला हवा. पुस्तक म्हणतं : उरलेल्या दोन पानांत बदाम येण्याची शक्यता ३५ टक्के, ३५ हे २५पेक्षा जास्त, म्हणून पैसे घाला.

३५ हा आकडा बरोबर आहे. न दिसलेली ४७ पानं, त्यांत ९ बदाम. दोन्ही वेळा बदाम न येण्याची शक्यता ४७पैकी ३८ गुणिले ४६पैकी ३७, म्हणजे ६५ टक्के. उरले ३५. अकरावीची मुलंही हे काढतील. चूक आकड्याच्या वापरात आहे. ५०० रुपयांत तुम्ही दोन पानं बघत नाही, एकच बघता. त्या एका पानात बदाम येण्याची शक्यता ४७त ९, म्हणजे १९ टक्क्यांच्या आसपास. तो आला नाही तर समोरचा पुन्हा पैसे लावणार आणि दुसरं पान बघायला तुम्हाला पुन्हा पैसे मोजावे लागणार. दोघांपैकी एकाचे सगळे पैसे आधीच आत गेले असतील, म्हणजे पुढे बोलीच होणार नसेल, तरच ३५ टक्के धरायचे. पुस्तकात ही अट कुठेही नव्हती. मी त्या प्रकरणात तीन वेळा मागे-पुढे शोधली.

मला याचा फार राग आला. वर्गात एखाद्या मुलाने अशी चूक केली तर मी समजावते, पण हे पुस्तक वाचून कुणीतरी महिन्याचा पगार घेऊन बसणार असतो.

गंमत म्हणजे याच चुकीवर एक स्वतंत्र प्रकरण त्याच खोक्यातल्या एका जुन्या पुस्तकात होतं. डेव्हिड स्क्लान्स्कीचं 'द थिअरी ऑफ पोकर', या नावाने १९८७मध्ये आलेलं. त्यातले खेळ बहुतेक आज कुणी खेळत नाही असे : सात पानांचा स्टड, पाच पानांचा, हवी ती पानं बदलायचा ड्रॉ, सर्वांत हलक्या हाताला जिंकवणारा रॅझ. बोलीची रक्कमही ठरलेली, हवे तेवढे पैसे लावायची मुभा नाही. भाच्याने दहा पानं चाळली आणि म्हणाला, "हे तर वेगळ्याच खेळाचं आहे." आकड्यांपुरतं त्याचं खरं होतं. पण स्क्लान्स्की प्रत्येक सल्ल्याच्या आधी तो सल्ला कशावर उभा आहे ते सांगतो. पुढच्या फेऱ्यांत तुमचे आणखी किती पैसे जाणार ते आजच धरा, हे एक प्रकरण. हवं ते पान लागलं तर पुढे आणखी किती मिळतील तेही धरा, हे पुढचं प्रकरण. खेळ बदलला तरी हे हिशेब तुम्हाला नव्या खेळात नेता येतात, कारण ते कसे मांडले ते तुम्ही पाहिलेलं असतं. त्याचं मूळ सूत्र असं : समोरच्याची पानं दिसत असती तर तुम्ही जसे खेळला असता, त्यापेक्षा वेगळं खेळलात की त्याचा फायदा, तसंच खेळलात की तुमचा. डाव कोण जिंकलं याचा या सूत्रात उल्लेखच नाही. ते वाचलं तेव्हा मी पुस्तक पालथं घातलं आणि थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिले. बाबांनी जिंकलेल्या डावाशेजारी काढलेला गोल मला त्या दिवशी समजला.

यावरून जुनी पुस्तकं सरसकट चांगली असं मात्र कुणी समजू नये. डॉयल ब्रन्सनचं 'सुपर सिस्टम' १९७०च्या दशकाच्या अखेरीचं. हा माणूस १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षं लास वेगासच्या पोकरच्या जागतिक स्पर्धेत मुख्य विजेता होता. होल्डेममध्ये कितीही रक्कम लावता येते त्या प्रकारावरचं प्रकरण त्याने स्वतः लिहिलं आणि बाकीच्या खेळांवर त्या-त्या खेळातल्या जाणत्यांकडून लिहून घेतलं. त्याचं म्हणणं एका वाक्यात मावतं : सतत चाल करा, समोरच्याला निर्णय घ्यायला लावा. त्या काळच्या टेबलावर हे विलक्षण चाललं असणार, कारण समोरची माणसं घाबरून पानं टाकत. पण ते पुस्तक गाजलं, ज्यांच्याविरुद्ध ती युक्ती होती त्यांनीच ते वाचलं, आणि मग ती माणसं तशी घाबरेनात. स्वयंपाकाच्या पुस्तकाचं असं होत नाही. कितीही जणांनी वाचलं म्हणून सोलकढी बिघडत नाही. खेळाच्या पुस्तकाचा सल्ला मात्र तो वाचला गेल्यामुळेच जुना होतो. म्हणून मी भाच्याला म्हटलं, ब्रन्सन वाच, त्याचं धाडस बघ, त्या टेबलावर कोण बसलं होतं ते बघ, पण त्याची चाल उचलून आजच्या टेबलावर ठेवू नकोस. पुस्तक उघडलं की आधी साल बघायचं. मग कुठला खेळ, टेबलावर किती माणसं, प्रत्येकाकडे साधारण किती पैसे, रोखीचा खेळ की स्पर्धा. जे पुस्तक हे सांगत नाही त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही.

याबाबतीत डॅन हॅरिंग्टनचं 'हॅरिंग्टन ऑन होल्डेम' फार प्रामाणिक वाटलं. तीन खंड आहेत, खोक्यात पहिले दोन होते, ते मी एकच पुस्तक धरले आहेत. हॅरिंग्टन १९९५चा जागतिक विजेता. पुढे २००३ आणि २००४मध्ये स्पर्धेला माणसं लोटू लागली तेव्हाही तो दोन्ही वर्षं शेवटच्या टेबलापर्यंत पोचला. पुस्तक फक्त स्पर्धेचं आहे आणि ते तसं स्वच्छ सांगतं. त्यात एक साधा भागाकार आहे, त्याला तो 'एम' म्हणतो. समजा तुमच्याकडे १२,००० चिप्स आहेत. नऊ जणांच्या टेबलावर दर पूर्ण फेरीत सक्तीने भरायच्या रकमा ३०० आणि ६००, शिवाय नऊ डावांचे प्रत्येकी १००, म्हणजे ९००. बेरीज १८००. बारा हजारांना अठराशेने भागलं की साडेसहाच्या थोडं वर. काहीही न खेळता नुसते बसून राहिलात तर इतक्या फेऱ्यांत तुम्ही संपणार. वीसच्या वर असाल तर वाट बघायला सवड आहे, सहा-सातला आलात तर नाही. पोकरचा गंधही नसलेल्या माणसाला मी हे पाच मिनिटांत समजावू शकते. आमच्या शेजारच्या फेरीबोटवाल्याला समजावलंही. तो म्हणाला, डिझेलच्या टाकीसारखंच की हे. शिवाय त्या पुस्तकात प्रत्येक प्रकरणानंतर डाव दिलेले आहेत आणि उत्तर वाचण्याआधी आपण थांबून विचार करावा अशी त्यांची मांडणी आहे. माझ्या प्रतीत त्या पानांच्या कडेला आधीच्या मालकिणीची पेन्सिलीतली उत्तरं आहेत, कधी चुकलेली, कधी खोडलेली. ती बाई कोण होती मला माहीत नाही, पण तिचं अक्षर पाहून ती मला आवडू लागली.

चेहरे वाचण्याच्या पुस्तकावर मी फारसा वेळ घालवला नाही. माईक कॅरोचं आहे, १९८४चं, फोटोंसकट. मला तपासता येण्यासारखं त्यात थोडं होतं. भाच्याला मात्र ते पटापट कळत गेलं. हात थरथरणारा माणूस बहुधा हूल देत नसतो, त्याच्याकडे खरंच जबर पानं असतात, हे कॅरोचं म्हणणं वाचून तो म्हणाला, "हे मी रोज बघतो. चिप्स पुढे करताना बोटं हलली की बाकीच्यांनी उठावं." पाच वर्षं हजारो हात जवळून बघितलेल्या माणसाची ही साक्ष मी मानते. मनाच्या तयारीचं पुस्तकही होतं, जॅरेड टेंडलरचं, २०११चं. हरल्यावर डोकं फिरून माणूस आणखी कसा हरत जातो याची त्यात बारकाईने फोड केली आहे. भाच्याने ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचत होता तेव्हा मी त्याच्याशी बोलले नाही.

सातवं पुस्तक नवं होतं, मायकेल असेवेडोचं 'मॉडर्न पोकर थिअरी', २०१९चं. इथे मला माझं मत एकदा बदलावं लागलं. गेल्या दहा-बारा वर्षांत या खेळात संगणक शिरला आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या चमूने २०१५मध्ये दोघांत खेळायचा, बोली ठरलेला होल्डेम जवळजवळ पूर्ण सोडवला. २०१७च्या जानेवारीत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रेटस नावाच्या प्रोग्रॅमने चार कसलेल्या खेळाडूंशी १,२०,००० डाव खेळून त्यांना हरवलं, आणि त्यात बोलीला मर्यादाही नव्हती. तेव्हापासूनची पुस्तकं संगणकाने काढलेल्या कोष्टकांवर चालतात. तेरा गुणिले तेरा चौकोनांचं जाळं, प्रत्येक चौकोनात सुरुवातीच्या दोन पानांचा एक प्रकार, रंगाने सांगितलेलं : खेळा, टाका, वाढवा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते गाइडमधल्या उत्तरांसारखं वाटलं. रीत न दाखवता उत्तर छापलेलं गाइड मी वर्गात येऊ देत नाही.

मग एका संध्याकाळी भाच्याला ते जाळं समजावताना आम्ही खरा पत्त्यांचा कॅट घेतला. चार राजे टेबलावर मांडले. त्यांतून दोन किती प्रकारे उचलता येतात? त्याने बोटाने जोड्या लावत मोजले, सहा. एक्का आणि राजा एकाच रंगाचे? चार. वेगवेगळ्या रंगांचे? बारा. जाळ्यात तेरा जोड्या, अठ्ठ्याहत्तर एका रंगाचे प्रकार, अठ्ठ्याहत्तर वेगळ्या रंगांचे. एकूण १६९ चौकोन. पण तेरा साही अठ्ठ्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर चोक तीनशे बारा, अठ्ठ्याहत्तर गुणिले बारा नऊशे छत्तीस, बेरीज १३२६. म्हणजे सगळे चौकोन दिसायला सारखे असले तरी वजनाला सारखे नाहीत. मग मी एक राजा उचलून त्याच्या हातात दिला. आता समोरच्याकडे राजांची जोडी असण्याचे प्रकार किती? टेबलावर तीन राजे उरले, जोड्या तीन. सहाच्या निम्म्या. भाचा पाच वर्षं पत्ते वाटतो आहे, तरी स्वतःच्या हातातलं एक पान समोरच्याच्या शक्यता निम्म्यावर आणतं हे त्याने कधी असं समोर मांडून बघितलं नव्हतं. तो राजा ठेवी, उचली, पुन्हा ठेवी. त्यानंतर असेवेडोची कोष्टकं आम्हाला दोघांनाही बोलू लागली. तेव्हा ते पुस्तक मी परत घेतलं, पण शेवटच्या क्रमांकावर. आधी स्क्लान्स्की, मग हॅरिंग्टन, मग हे. उलट क्रमाने वाचलं तर ते पाठांतर होईल.

आता बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर. पुस्तक चांगलं की वाईट हे खेळून बघूनच कळेल, असं सगळे धरून चालतात. मी हिशेब मांडला. समजा एखादा माणूस खरोखर चांगला खेळतो आणि दर १०० डावांना सरासरी ५ मोठ्या ब्लाइंडइतकं जिंकतो. मोठा ब्लाइंड म्हणजे सक्तीने भरायची मोठी रक्कम, तेच या खेळातलं माप. पण १०० डावांतला चढ-उतार या खेळात प्रचंड असतो, ९० ब्लाइंड धरला तरी तो वाजवी आहे. १०,००० डावांत त्याची अपेक्षित कमाई ५००, आणि चढ-उतार ९०ची दहापट, ९००. म्हणजे इतका चांगला खेळणारा माणूसही दहा हजार डावांनंतर तोट्यात असण्याची शक्यता २९ टक्क्यांच्या जवळपास. आणि बोटीवरच्या टेबलाला तासाला साधारण तीस डाव होतात, भाच्याला विचारून घेतलं. दहा हजार डाव म्हणजे ३३३ तास. इतके तास बसून, पैसे ओतून, वाईट खेळणाऱ्याला आपण चांगले खेळतो असं वाटू शकतं आणि चांगल्याला वाईट. शिवाय दर डावातून कॅसिनो आपला वाटा काढून घेतो तो वेगळाच, आणि लहान रकमांच्या खेळात तोच जीव घेतो. ज्या पुस्तकात त्या वाट्याचा उल्लेखही नाही त्याचे नफ्याचे आकडे मी धरत नाही.

तेव्हा लेखकाने किती कमावले हे पुस्तकाचं प्रमाणपत्र होऊ शकत नाही, आणि आपण ते वाचून चार रात्री जिंकलो हेही होऊ शकत नाही. तपासायचं ते कागदावरच, पेन्सिलीने, एकेक पाऊल. आणि ते बेतीच्या जेवणाच्या टेबलावर एक रुपया न लावता करता येतं. बहिणीला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, त्याचं डोकं शांत होत असेल तर वाचू दे.

भाच्याने त्याचे आठवतील तेवढे डाव एका वहीत लिहून काढले होते. एक्केचाळीस निघाले. एक त्याला सारखा टोचत होता : हातात एक्क्यांची जोडी, समोरच्याकडे राजांची, दोघांचेही सगळे पैसे पहिल्याच फेरीत आत, आणि रिव्हरला राजा. त्या रात्री त्याने फोन गादीवर आपटला होता. आम्ही तो पहिला घेतला. एक्के असे पाचांत चार वेळा जिंकतात. त्याने दुसरं काही करायला नको होतं. तो डाव दोन मिनिटांत संपला, आणि दोन वर्षांचं काहीतरी त्याच्या खांद्यावरून उतरलेलं मला दिसलं.

दुसरा त्याने हौसेने पुढे केला, त्याचा सर्वांत आवडता. टर्नला त्याच्याकडे चार बदाम, मध्ये २००० रुपये, समोरच्याने १००० लावले, याने १००० घातले, रिव्हरला बदाम आला, समोरच्याकडचे उरलेले ६००सुद्धा याने काढून घेतले. मी त्याला म्हटलं, मांड. न दिसलेली पानं ४६, बदाम ९. लागला तर मिळणार मधले २०००, त्याचे १००० आणि वरचे ६००, म्हणजे ३६००. नऊ वेळा ३६००, बत्तीस हजार चारशे. न लागला तर जाणार १०००. सदतीस वेळा १०००, सदतीस हजार. फरक चार हजार सहाशेचा तोटा, सेहेचाळीस वेळांत. त्याने भागाकार केला आणि पेन्सिल थांबली. उत्तर बरोब्बर १०० आलं. त्या रात्री ३६०० जिंकून देणारा तो निर्णय दर खेपेला त्याला शंभर रुपयांना पडत होता, आणि तेही समोरच्याचा शेवटचा रुपया मिळेल असं धरून.

"हे मी किती वेळा केलं असेन," तो म्हणाला. मी काही बोलले नाही. मी आत जाऊन कपाटातून उधारीची वही आणली आणि मागची पानं उघडून त्याच्यापुढे ठेवली. आजोबांचं अक्षर त्याने ओळखलं. गोलांबद्दल मला सांगावं लागलं नाही. त्याने आपल्या वहीत दुसऱ्या डावापुढे एक गोल काढला, आणि मग पहिल्या डावाकडे परत जाऊन, तिथे काही नाही याची खात्री करून घेतली.

परवापर्यंत आमचे सतरा डाव झाले. गोल अकरा. अठराव्यावर आमचं जुळत नाही. त्यात समोरच्याने रिव्हरला मधल्या ढिगाइतकी रक्कम लावली आणि याने जोडी टाकून दिली. मी म्हणते, तीनांत एकदा जरी तो हूल देत असेल तर पैसे घालण्यात तोटा नव्हता. भाचा म्हणतो, मावशे, अशा रकमेच्या टेबलावर लोक रिव्हरला एवढी हूल देत नाहीत, मी रोज बघतो. कोष्टक माझ्या बाजूला आहे, पाच वर्षं त्याच्या. त्याची बोटीवर जायची वेळ झाली, काळं वेस्ट चढवून तो फेरीकडे उतरला. वही अठराव्या डावावर उघडीच आहे, आत पेन्सिल ठेवून.